जांगडीचा रेडिओ

काका शांत बसलेले दिसले की आक्का त्यांच्या कपाळाला हात लावून बघायच्या. अंगात ताप असल्याशिवाय हा माणूस गप्प बसणार नाही अशी त्यांची खात्री होती आणि बहुतेक वेळा ती खरी निघे. एरवी काका संतापलेले असत. दुधात पाणी असलं की संतापत, आणि नसलं की "आज कसं नाही? म्हणजे रोज मुद्दाम घालतो!" म्हणून संतापत. गल्लीतला दिवा लागला नाही म्हणून त्यांनी पालिकेच्या कचेरीत जाऊन भांडण केलं होतं, आणि तो दिवसाढवळ्या जळत राहिला तेव्हाही केलं होतं.

फणसवाडीत लोक त्यांना चक्रम म्हणत. मला त्या शब्दाचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

मी बी.ए. होऊन तालुक्याच्या गावाहून मुंबईला नोकरीला आलो तेव्हा कोणाच्या तरी ओळखीने काकांकडे राहायला गेलो. ते एका सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. पत्नी कधीच वारली होती. घरात ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, आक्का. बाहेरची खोली, मधली खोली आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीतला एक कोपरा मला मिळायचा होता. त्याआधी काकांनी मला समोर उभं करून विचारलं, "घरात शिकलेलं कोण?"

"मीच पहिला," मी म्हणालो. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

"पहिला?" काका खुर्चीतून उठलेच. "म्हणजे तुझ्या बापाला कोणी शाळेत घातलं नाही? आज्याला नाही? का नाही? काय केलं होतं त्यांनी?"

ते असे ओरडत होते की जणू माझ्या आज्याला शाळेबाहेर मीच उभं केलं होतं. मी गांगरलो. आतून आक्का म्हणाल्या, "अरे, त्याच्यावर कशाला ओरडतोस? तो शिकलाय ना?" काका खाली बसले आणि म्हणाले, "पेटी तिकडे ठेव. जेवण आठ वाजता." माझ्या आज्यासाठी रागावलेला तो जगातला पहिला माणूस. त्या रागाची मला आजही कृतज्ञता वाटते.

काकांचा जुना रेडिओ मी गेलो त्याच वर्षी मेला. आधी तो खरखरला, मग नुसता गुणगुणला आणि एके सकाळी त्यातून जळका वास आला. दुरुस्तीवाल्याने मान हलवली. बाहेरच्या खोलीत नवा सेट आणायचं ठरलं आणि आमच्या घरात एक पर्वच सुरू झालं.

दर शनिवारी काका बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी घालून मला घेऊन लॅमिंग्टन रोडला निघत. दुकानात शिरताच सांगत, "मी घ्यायला आलो आहे. बघायला नाही." आणि दोन तास नुसते ऐकून, न घेता बाहेर पडत. त्यांची एक रीत होती. सेट सुरू झाला की ते खुर्ची उलटी फिरवून त्याच्याकडे पाठ करून बसत.

"काका, इकडे बघा तरी! केवढं पॉलिश आहे लाकडाला!" विक्रेता म्हणे.

"पॉलिश कानाला लागतं का? चेहरा बघितला की माणूस फसतो. तू वाजव."

मग निकाल येत. एका सेटबद्दल ते म्हणाले, "ह्याला सर्दी झाली आहे." दुसऱ्याचा आवाज घुमायचा, विक्रेता त्याचंच कौतुक करत होता, काका म्हणाले, "बोलणारा पिंपात बसला आहे. त्याला आधी बाहेर काढा." एकात स्टेशन नीट लागलं की हिरव्या दिव्याचा डोळा मिटायचा. "डोळा कशाला? मी त्याचं ऐकायचं की त्याने माझ्यावर पाळत ठेवायची?" आणि एका महागड्या परदेशी सेटचं गोड, गुळगुळीत बोलणं बराच वेळ ऐकून ते उठले. "हा वकील आहे. बोलतो पुष्कळ, सांगत काहीच नाही. असे मी तीस वर्षं ऐकले."

लॅमिंग्टन रोडवरचे दुकानदार त्यांना ओळखू लागले. काही जण ते दिसले की आत जात. एक गुजराती शेठ तेवढे जात नसत. उंच, सावकाश बोलणारे, काकांच्याच वयाचे. त्यांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, दुकानात आवाज कधी खरा कळत नाय. दुकानाचा आवाज वेगळा, घराचा वेगळा. सेट जांगडवर घेऊन जा. आठ दिवस वाजवा. पसंत तर ठेवा, नाय तर परत."

जांगड म्हणजे पसंतीसाठी नेलेला माल. पावती नाही, पैसे नाहीत, फक्त शब्द. ठरलेल्या मुदतीत माल परत करायचा किंवा विकत घ्यायचा. काकांना ही पद्धत अतोनात आवडली. घरी येताना ते पहिल्यांदाच कोणावर रागावले नाहीत.

सेट आला. त्याला आठ दिवसांत बाहेरच्या खोलीतली प्रत्येक जागा मिळाली. कपाटावर, कोनाड्यात, खिडकीशी, माझ्या पेटीवर. काका मला खोलीभर बसवत. "तिकडे बस. ऐकू येतं? शब्द तुटतो? आता दाराशी जा." आक्कांना कोणी बसवत नसे. बाहेरच्या खोलीत परकी माणसं असताना त्या यायच्या नाहीत. त्यांची जागा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत. तिथून त्या भाजी निवडता निवडता मान कलती करून ऐकायच्या. सकाळचं कीर्तन लागलं की आतलं भांड्यांचं वाजणं थांबे. मला ते कळत होतं. काकांना कळत असेल तर त्यांनी दाखवलं नाही.

आठवा दिवस संपायच्या सुमाराला काका पाठ करून बसलेले असताना अचानक म्हणाले, "हा बरा आहे." काकांच्या तोंडून ही फार मोठी स्तुती होती. "उद्या पैसे देऊन येऊ."

त्याच रात्रीपासून मुंबई बंद झाली.

ते दिवस ज्यांनी बघितले त्यांना सांगायला नको. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, ही घोषणा गिरगावात लहान पोरं झोपेतसुद्धा देत. काका प्रत्येक मोर्च्यात पुढे असत, आणि घोषणा एका सुरात येत नाहीत म्हणून मागे वळून लोकांवर ओरडत. "अरे, मागणी करता आहात की भाजी विकता आहात?" पण त्या बंदच्या सकाळी ते मोर्च्याला न जाता लॅमिंग्टन रोडला गेले, खिशात पैसे घेऊन. शेठचं दुकान बंद होतं. शटरवर दगडांचे पोचे होते आणि वरच्या पाटीची काच फुटून खाली पडली होती. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं की शेठ बायकामुलांना घेऊन नातेवाइकांकडे गेले आहेत, कुठे ते ठाऊक नाही.

काका परत आले ते धुमसतच. "आपल्याला मुंबई हवी! आणि काच कोणाची फोडली? ज्याने पावतीशिवाय माल दिला त्याची!" मग त्यांनी रेडिओची पिन भिंतीतून काढली, वायरीची गुंडाळी केली आणि सेटवर आक्कांचं जुनं धुवट लुगडं पांघरलं.

"हे काय काका?" मी विचारलं.

"मुदत संपली. आता तो परका माल. दुकान उघडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही."

"पण शेठ काही म्हणणार नाहीत."

"तो काही म्हणणार नाही, म्हणून तर लावायचा नाही!"

वाडीत दुसरा रेडिओ खालच्या हॉटेलात होता आणि हॉटेल बंद होतं. वर्तमानपत्र मिळेल ते. बाहेर काय चाललंय हे कळायला साऱ्या गॅलरीला काकांचा एकच सेट, आणि तो लुगड्याखाली. लोक आधी गोडीने बोलले, मग टोमणे मारू लागले. "काका, रेडिओला थंडी वाजते का?" "काका, पडदानशीन आहे वाटतं!" मलाही संताप आला. शहर पेटलेलं असताना हा कसला सोवळेपणा? मी तसं बोललो. काका म्हणाले, "गडबडीत जो नियम मोडतो त्याला नियम नव्हताच." आणि लुगड्याची सरकलेली कड नीट केली.

दोन दिवसांनी दुपारी फोर्टात गोळीबार झाल्याची बातमी वाडीत आली. कोणी पाच म्हणे, कोणी पन्नास. आमच्या समोरच्या खोलीतला सावंत छापखान्यात कंपोझिटर होता. तो सकाळी मोर्च्याबरोबर गेला होता. संध्याकाळ झाली तरी परतला नाही. सावंतवहिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पदराचं टोक त्यांनी इतकं पिळलं होतं की त्याची दोरी झाली होती.

"काका, वायच लावा हो तो. बातम्यांत कायतरी सांगतील. ह्यांचा पत्ता नाय अजून."

काका खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा मला नीट आठवतो. रागावायला कोणी सापडत नव्हतं. "वहिनी," ते म्हणाले, "तो माझा नाही हो."

"काका!" मी जवळजवळ ओरडलो. दारात माणसं जमली होती. कोणी तरी म्हणालं, "अरे, काय माणूस आहे की दगड?"

तेवढ्यात आक्का आल्या. पदर डोक्यावर घेऊन, सरळ बाहेरच्या खोलीत, एवढ्या पुरुषांसमोर. त्या घरात त्यांचा जन्म गेला होता, पण त्यांना असं आलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि दारातल्या लोकांनीही पाहिलं नसावं, कारण सगळे एकदम मागे सरले. त्यांनी लुगडं ओढून काढलं.

"आक्का, मुदत संपली आहे," काका म्हणाले.

"तुझी संपली. मला कोणी मुदत घातली होती? जांगड तू केलीस. मला विचारलं होतंस?" आणि माझ्याकडे वळून, "अरे, उभा काय राहिलास? ती वायर कुठे खुपसायची ते बघ."

तीस वर्षं सॉलिसिटरच्या कचेरीत काढलेला माणूस बाजूला सरकला. मी पिन लावली. आक्कांनी बटण फिरवलं. आतले व्हॉल्व्हचे दिवे तापल्याशिवाय आवाज येत नाही, तेवढ्या वेळात माणसं पुन्हा दाराशी सरकली.

बातम्या लागल्या. आवाज स्वच्छ होता, शब्द न् शब्द दारापर्यंत पोचत होता. दिल्लीत कोण कोणाला भेटलं ते सांगितलं. परदेशातल्या कुठल्याशा परिषदेचं सांगितलं. मग मुंबईबद्दल एक वाक्य आलं: शहरातील परिस्थिती पूर्णपणे आटोक्यात आहे. त्यानंतर उसावरच्या किडीवर भाषण सुरू झालं.

वहिनी ऐकतच होत्या. किडीच्या भाषणात तरी मध्येच नाव येईल अशा आशेने त्या सेटकडे वाकून उभ्या होत्या. मला ते बघवेना. आयुष्यात मी पुष्कळ अपमान पाहिले, पण नवऱ्याच्या खुशालीसाठी एक बाई उसावरची कीड ऐकते आहे, ह्याहून मोठा मला आठवत नाही.

काकांनी सेट बंद केला. ह्या वेळी ते पाठ करून नव्हते बसले. समोर उभे होते, साक्षीदारासमोर उभं राहावं तसे. "आटोक्यात?" त्यांनी त्या लाकडी पेटीला विचारलं. "कोणाच्या आटोक्यात?"

मग त्यांनी कोट घातला, टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल."

फोर्टातले जखमी नेले होते त्या इस्पितळापर्यंत आम्ही पायीच गेलो. फाटकावर पोलीस होता. "आत सोडायचा हुकूम नाही."

"माणसं पडली आहेत ती कोणाची? हुकमाची का आईबापांची?" काकांनी असा आवाज चढवला की मला वाटलं, आता आम्हीही आतच जाणार, पण वेगळ्या वाटेने. तो पोलीस पोरसवदा होता. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "आजोबा, ओरडू नका. धोबीघाटाकडून मागचं दार आहे. माझा भाऊ पण गेलाय मोर्च्याला, माझ्यासारखाच दिसतो. दिसला तर सांगा."

सावंत व्हरांड्यात जमिनीवरच्या गादीवर सापडला. गोळी पोटरीतून आरपार गेली होती. आम्हाला बघून तो रडायला लागला.

"रडतोस कसला?" काका खेकसले. "घरी बायकोच्या पदराची दोरी झाली आहे! तोंडात जीभ आहे ना? कोणाबरोबर निरोप धाडता आला नाही?" बोलता बोलता ते गुडघ्यावर बसले आणि त्याच्या अंगावरची चादर नीट करू लागले.

मला वाटलं, झालं, आता घरी जायचं. काका उठले आणि पुढच्या गादीशी गेले. "नाव? राहणार कुठे? घरी कळवलं आहे?" मग त्याच्या पुढच्या. एक कारकून धावत आला, नावं बाहेर द्यायची नाहीत अशी वरून सूचना आहे म्हणाला. काका म्हणाले, "तुम्ही देऊ नका. ते स्वतः देत आहेत." ते नावं आणि पत्ते तोंडाने पुन्हा पुन्हा म्हणत पुढे सरकत होते, मी मागून म्हणत होतो. लालबाग, परळ, दादर, ठाकुरद्वार. काही जण बोलू शकत नव्हते, त्यांची शेजाऱ्याने सांगितली. शेवटी एका खोलीच्या दाराशी ते थांबले. आत चादरी पुऱ्या ओढलेल्या होत्या. काका आत गेले. मी गेलो नाही. त्यांनी मला हाताने अडवलं.

घरी आलो तेव्हा गॅलरी तशीच भरलेली होती. काकांनी आधी वहिनींना सांगितलं, "पायावर निभावलं. बरा होईल. उद्या भेटायला नेतो." वहिनी मटकन खाली बसल्या आणि आक्कांनी त्यांना धरलं. मग काका कठड्याशी गेले आणि टोपी काढून म्हणाले, "मी जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगतो." आणि त्यांनी नावं सांगायला सुरुवात केली. जखमी, मग गेलेले. ज्यांची नावं कळली नव्हती त्यांचंही सांगितलं. "एक मुलगा. विशीच्या आतला. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा. पायात नवी चप्पल." समोरच्या चाळीतल्या गॅलऱ्यांत माणसं बाहेर येऊन उभी राहिली. ठाकुरद्वारचा पत्ता ऐकून खालून कोणी तरी पळत सुटलं. ह्यात काकांचा आवाज एकदाही कापला नाही. तो संतापाने इतका ताठ झाला होता की कापायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाड्या नव्हत्या. आम्ही दोघं लालबाग-परळपर्यंत चालत गेलो आणि ज्यांच्या घरी कळलं नव्हतं त्यांच्या घरी कळवलं. त्या दारांबद्दल मी लिहिणार नाही.

शहर पुन्हा सुरू झालं तेव्हा शेठने दुकान उघडल्याचं कळलं. काकांनी हातगाडीवर सेट घातला आणि आम्ही निघालो. शेठ फुटक्या पाटीखाली स्टुलावर बसले होते. पहिल्यांदा आम्हाला बघून ते दचकले. मग काकांना ओळखून उठले.

"शेठ, मुदत संपल्यावर हा सेट एक संध्याकाळ वापरला गेला," काका म्हणाले. आक्कांचं नाव त्यांनी काढलं नाही. "तेव्हा हा मला घेतला पाहिजे. पण त्याआधी तक्रार आहे. सेटमध्ये दोष आहे. समोर माणसं मरत होती आणि हा उसाच्या किडीचं बोलत होता."

दुकानातला विक्रेता फसकन हसला. शेठ हसले नाहीत. "तुमच्या घरचा कोण होता काका?"

"शेजारी. सावंत म्हणून."

"कसा आहे आता?"

काका बोलायचे थांबले. ते तापाने आजारी नव्हते, पण पुष्कळ वेळ गप्प राहिले. "पाय वाचला," ते शेवटी म्हणाले. "पोरगा भित्रा आहे, पण पाय वाचला." त्यांनी पैसे काढून ठेवले. शेठ घेईनात, फुटक्या पाटीकडे बोट करून म्हणाले, "आधी हे नीट होऊ दे, पैशाचं पुढच्या महिन्यात बघू." काका त्यांच्यावरही ओरडले, "तुम्ही धंदा करता की काय करता?" आणि पैसे त्यांच्या हातात कोंबून गाडी वळवायला लावली.

वाडीच्या तोंडाशी चार तरुणांनी गाडी अडवली. ओळखीचेच होते, नाक्यावर रोज फळा लिहिणारे. "काय काका, मोर्च्यात पुढे आणि खरेदी मात्र त्या लोकांच्या दुकानातून? आपल्या माणसाचं दुकान नाही का गिरगावात?"

काका हातगाडीच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले.

"त्याने सावंत कसा आहे विचारलं," ते म्हणाले. "तू विचारलंस? गेला होतास इस्पितळात? तू? आणि तू रे? रोज त्याच्याकडून विडी मागून ओढायचास ना?"

एक जण फळ्यावरचा खडू खिशात घालायला लागला.

"मग तोंड काय बघता? हात लावा. तिसऱ्या मजल्यावर चढवायचा आहे."

त्यांनी हात लावले. दोघं वर, दोघं खाली, मध्ये सेट, आणि मागून काका. "वाकडा करू नका! भिंतीला लागेल! अरे, जिना आहे, आखाडा नाही!" दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, नुकताच इस्पितळातून घरी आलेला सावंत कुबडी टेकून उभा होता. त्याला वाट द्यायला सगळे थांबले. त्या चौघांनी त्याच्याकडे बघितलं, त्याने त्यांच्याकडे. मग एक जण चाचरत म्हणाला, "सावंत, कसा आहेस रे?"

"मोठ्याने विचार!" काका खालून ओरडले. "त्याला गोळी पायाला लागली आहे, तुझ्या घशाला काय झालं आहे?"